पट कुठं मांडायचा?

विषय ऐकून काही जण रेडिओचं बटण फिरवतील, अशी मला धास्ती आहे. इंटरनेटवरून गोष्टीचा खेळ खेळायचा असेल तर त्यासाठी सॉफ्टवेअर कोणतं निवडावं, हा तो विषय. लिंबागणेशसारख्या गावातल्या शाळामास्तरानं यावर बोलायचं म्हणजे जरा अतीच वाटेल. काही वर्षांपूर्वी कुणी मला हे सांगितलं असतं, तर मीही हसलो असतो. पण दहा मिनिटं ऐका. हा विषय फिरत फिरत उसाच्या फडापर्यंत जातो.

आधी खेळ सांगतो. चार-पाच जण गोल करून बसतात. त्यांतला एक सूत्रधार. तो सुरुवात करतो, ‘रात्रीची वेळ आहे. तुम्ही बावडीच्या पायऱ्या उतरताय. खालून पाण्याचा नाही, कुणाच्या तरी बोलण्याचा आवाज येतोय. आता काय करता?’ बाकीच्यांनी एकेक सोंग घेतलेलं असतं. कुणी वैद्य, कुणी पागेतला स्वार, कुणी वाटेल ते कुलूप उघडणारी पोरगी. ज्यानं त्यानं आपल्या सोंगाला शोभेल असं बोलायचं, ठरवायचं. ठरवलेलं जमतं की फसतं, हे फासा सांगतो. हा फासा सारीपाटाचा नव्हे, तो वीस बाजूंचा असतो. आकडा मोठा पडला तर कुलूप उघडलं, लहान पडला तर किल्ली आतच मोडली. मग सूत्रधार तिथून गोष्ट पुढं नेतो. यात शेवटी कुणी हरत नाही, कुणी जिंकत नाही. गोष्ट सगळ्यांची मिळून होते आणि कधीकधी ती महिनोन्‌महिने चालते.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावानं असा खेळ नियमांसह छापून विकायला काढला. पुढं त्याचे शेकडो भाऊबंद निघाले. तुमच्या घरातल्या मुलांनी तो ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेत पाहिला असेल. आपल्याला तो अगदीच परका वाटायचं कारण नाही. सोंगट्या, कवड्या, पट हे शब्द आपलेच आहेत. सापशिडीचा मूळ मोक्षपट आपण परंपरेनं ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगतो. आणि ऐन वेळी तोंडाला येईल ते बोलून वग रंगवणारे सोंगाडे आपल्या मातीत होतेच. फरक एवढाच, की वगासमोर प्रेक्षक बसलेला असतो आणि इथं बसलेला प्रत्येक जण सोंगाड्या असतो.

२०२३ च्या दिवाळीत माझा भाचा पुण्याहून आला, तो खिशात हे फासे घेऊन. आमच्या ओट्यावर गल्लीतली पाच पोरं जमली. भाचा सूत्रधार झाला. मी बाजूला वर्तमानपत्र वाचायचं सोंग घेऊन बसलो होतो, ते तिसऱ्या दिवशी सुटलं आणि मीही वैद्यबुवा होऊन खेळात शिरलो. गोष्ट घडत होती बीडच्या खजाना बावडीत. सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळातली ही बावडी पुष्कळांनी पाहिली असेल. जमिनीखालून तिचे पाट निघतात. परदेशी पुस्तकात जे भुयार, तळघर लागतं, ते आम्हाला घरच्या घरी मिळालं. एवढंच काय, खलनायकाचं ठाणं पोरांनी आपण होऊन राक्षसभुवनला नेलं. गेवराई तालुक्यातल्या गोदाकाठच्या त्या गावाचं नाव तसं आहे म्हणून, दुसरं काही नाही. तिथल्या मंडळींनी रागावू नये.

आठवीतला एक मुलगा या खेळात फार रंगला. वर्गात तोंड न उघडणारा मुलगा. इथं तो पागेतला स्वार झाला आणि असं काही बोलायला लागला, की मी चष्मा काढून बघत राहिलो. दिवाळी झाली, फासे पुन्हा खिशात गेले आणि आमचा ओटा मोडला. भाचा पुण्याला गेला. एक मुलगी शिकायला बीडला गेली. आणि हा स्वार गेला आईबापाबरोबर कोयत्याला.

बीड जिल्ह्यातल्या श्रोत्यांना हे सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. आमच्या बालाघाटातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत नवरा-बायकोनं मिळून तोडायचं. त्या जोडीलाच कोयता म्हणतात. कारखान्याच्या आसपास कोप्या घालून राहायचं आणि उन्हाळा लागला की परत यायचं. घरी आजी-आजोबा असतील तर पोरं मागं राहतात. हंगामी वसतिगृहाची सोय झाली तरी राहतात. नाहीतर बरोबर जातात, धाकट्या भावंडाला सांभाळतात, भाकरी थापतात. शाळेच्या हजेरीपटावर त्यांच्या नावापुढं काय मांडायचं, हा आम्हा मास्तर लोकांचा दरवर्षीचा प्रश्न.

जाताना मुलगा भाच्याला म्हणाला, “दादा, माझा स्वार बावडीतच हाय. त्याला तिथंच मारू नका.”

भाचा संगणकातला माणूस. तो म्हणाला, “मामा, यात काय अवघड आहे? ऑनलाइन खेळू.” आणि तिथून आमच्या सॉफ्टवेअरच्या शोधाला सुरुवात झाली.

या कामासाठी खास बनवलेली सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत. मी त्यांना ‘संगणकावरचा पट’ म्हणतो. पडद्यावर नकाशा दिसतो, नकाशावर सोंगट्या सरकतात, फासा टाकायचं बटण असतं, प्रत्येकाच्या सोंगाची माहिती लिहायला एक पान असतं. काहींत बोलायचीही सोय असते. फँटसी ग्राउंड्स हा यातला जुना, २००४ पासूनचा. रोल ट्वेंटी २०१२ मध्ये आला. तो ब्राउझरमध्येच उघडतो, त्याचं साधं खातं फुकट मिळतं, फक्त चित्रं साठवायला जागा बेताची. फाउंड्री २०२० मधला. तो एकदाच विकत घ्यायचा आणि तोही फक्त सूत्रधारानं. बाकीच्यांना पैसा लागत नाही. आउलबेअर रोडिओ त्याच वर्षीचा, अगदी हलका. नकाशा आणि सोंगट्या, यापलीकडं फारसं काही नाही. याशिवाय त्रिमितीचे पट असतात. त्यांत टेबल, फासे, किल्ल्याचे बुरूज असं सगळं हुबेहूब दिसतं.

आमच्या भाच्याला अर्थातच हुबेहूब हवं होतं. मलाही हवं होतं, खोटं कशाला सांगू? त्यानं दोन रात्री जागून बावडी उभी केली. पायऱ्या, कमानी, पाण्यावरचा उजेड. पुण्यात त्याच्या संगणकावर ती झकास दिसली. माझ्या लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा वाजायला लागला, पण दिसली. मग आम्ही कोल्हापूरकडच्या एका कोपीत बसलेल्या मुलाला फोन लावून सांगितलं, अमुक उघड, तमुक दाब. तासभर खटपट चालली होती. फोन बापाचा, जुना, काचेला तडा गेलेला. चित्र अर्धं यायचं, थांबायचं, पुन्हा पहिल्यापासून यायचं. फोन तापला. शेवटी बॅटरी बसली.

मी म्हटलं, ठीक आहे, उद्या बघू. पण कोपीत वीज नव्हती. फोन कारखान्याजवळच्या टपरीवर पैसे देऊन चार्ज करावा लागायचा. पहाटे मुकादमाचा फोन आला तो बंद फोनवर. कोणत्या फडात जायचं हे न कळून जोडी भलत्याच फडात गेली आणि अर्धा दिवस वाया गेला. दोन दिवसांनी मुलाचे वडील मला एवढंच म्हणाले, “सर, पोराला खेळू द्या, माझं काही म्हणणं नाही. पण तेवढा सकाळचा फोन लागला पाहिजे बघा.”

मला फार लाज वाटली. त्या सॉफ्टवेअरचं नाव सांगत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. आम्ही पट निवडला होता तो सूत्रधाराच्या संगणकाकडं बघून. बघायला हवं होतं सगळ्यांत लांब बसलेल्या गड्याच्या फोनकडं.

त्यानंतर आम्ही उलट्या टोकानं विचार करायला लागलो. खेळाला मुळात लागतं काय? आवाज. चित्र नसलं तरी गोष्ट चालते, आवाज गेला की खेळ संपला. आणि आवाज फार स्वस्त असतो. डिस्कॉर्डसारख्या सोयीत नेहमीचा दर धरला, तर सलग बोलणाऱ्या एका माणसाचा आवाज तासाला साधारण तीस एमबी खातो. चेहरे दाखवायला गेलात की तेच शेकड्यांत जातं. म्हणून पहिला नियम केला, की चेहरे बंद. भाच्यानं डिस्कॉर्ड सुचवलं होतं आणि त्यात फासे टाकून देणारे आयते यंत्रगडीही मिळतात. पण त्याला नवं खातं, नवा पासवर्ड, शिवाय तेरा वर्षांच्या आतल्यांना परवानगी नाही. आमच्यातली एक चिमुरडी अकराची. व्हॉट्सॲप मात्र मुलाच्या वडिलांच्या फोनमध्ये आधीपासून होतं. “मामा, व्हॉट्सॲप म्हणजे काय सॉफ्टवेअर निवडणं झालं का?” असं भाचा म्हणाला. मी म्हटलं, बाबा, ज्याला काही शिकवावं लागत नाही ते आधी घ्यायचं. चिमुरडी माझ्या शेजारी बसून माझ्याच फोनवर खेळायला लागली.

नकाशासाठी आउलबेअर रोडिओ ठेवलं. तिथं सूत्रधाराचं खातं असलं की पुरतं. बाकीच्यांनी पाठवलेल्या दुव्यावर बोट ठेवायचं, नाव टाकायचं आणि आत यायचं. मुलांची माहिती कुठल्या तरी परदेशी कंपनीच्या वहीत जात नाही, हा त्यातला फायदा मला मास्तर म्हणून महत्त्वाचा वाटला. अठरा वर्षांखालच्यांची माहिती घेताना पालकांची संमती हवी, असं आपला २०२३ चा कायदाही म्हणतो. आणि ज्या दिवशी रेंज रुसेल त्या दिवशी भाचा नकाशाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकणार, सोंगट्या कुठं आहेत ते तोंडानं सांगणार. निम्म्याहून जास्त रविवार असेच झाले.

मधल्या काळात फाउंड्रीचा मोह आम्हाला एकदा झाला, तोही सांगतो, कारण गावाकडून खेळणाऱ्यांना तो खड्डा लागणारच. हे सॉफ्टवेअर आपल्या स्वतःच्या संगणकावर बसतं आणि बाकीचे गडी इंटरनेटवरून आपल्या घरी येतात. कल्पना छान. सगळं आपल्या ताब्यात, कुणी दुकान बंद केलं तरी आपला खेळ आपल्याजवळ. माझ्या लॅपटॉपवर ते चालू केलं, इंटरनेट मोबाइलचं. बाहेरून कुणालाच आत येता येईना. भाच्यानं कारण सांगितलं ते असं. मोबाइल कंपन्या पुष्कळ ग्राहकांना मिळून बाहेरच्या जगासाठी एकच पत्ता देतात. म्हणजे गावातल्या सगळ्या घरांची पत्रं ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर यावीत आणि घर क्रमांक कुणी लिहूच नये, असा प्रकार. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून नेमकं आपलं दार सापडत नाही. यावर उपाय आहेत. भाड्यानं जागा देणाऱ्या सेवा आहेत, आडवाटा काढणारी सॉफ्टवेअर आहेत. पण आमच्याकडं रात्री साडेआठला वीज असेल याचीही खात्री नसते. ज्याच्या घरी पट मांडलाय त्याचाच दिवा गेला तर सगळ्यांचा खेळ अंधारात. आम्ही तो नाद सोडला.

ताब्याचा मुद्दा मात्र खरा आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या मालक कंपनीनं स्वतःचा त्रिमितीचा पट, सिजिल नावाचा, २०२५ च्या फेब्रुवारीत आणला आणि महिनाभरातच त्यावर काम करणारी बहुतेक माणसं कमी केली. एवढी मोठी कंपनी, तरी ही गत. म्हणून सांगतो, पट कोणताही घ्या, गोष्ट मात्र वहीत लिहून ठेवा. आमच्या खेळात हे काम त्या ऊसतोडीवरच्या मुलानं मागून घेतलं. दर रविवारी काय घडलं ते तो दोनशे पानी वहीत लिहायचा आणि पानाचा फोटो पाठवायचा. शुद्धलेखन विचारू नका.

आता देवनागरीचं. आपल्या मुलांना मराठीत खेळायचं असेल तर पट निवडण्याआधी त्यात ‘राक्षसभुवन’, ‘ज्ञानेश्वर’ आणि ‘पायऱ्या’ हे तीन शब्द लिहून बघा. एका ठिकाणी आमच्या पायऱ्या ‘पायर् या’ अशा तुटल्या होत्या. एका ठिकाणी चौकोन चौकोन दिसत होते. गप्पांच्या खिडकीत मराठी नीट येतं आणि नकाशावर मोडतं, असंही होतं. म्हणून दोन्हीकडं बघायचं.

नियमांच्या पुस्तकाचंही असंच. पुष्कळ पट इंग्रजी नियमांचं जाडजूड पुस्तक गळ्यात बांधून येतात. कुठं बोट ठेवलं की कोणती बेरीज होते हे त्यांना ठाऊक असतं, आणि सूत्रधाराला ते बरं वाटतं. पण आमचे नियम एका पानात मावणारे होते. पोरांनीच केलेले. अशा वेळी बेरीज करणारा पट उलट अडचण होतो, दर वेळी नको ते विचारतो. ज्यांना मूळ खेळच मराठीत आणायचा आहे त्यांच्यासाठी एक चांगली बातमी सांगून ठेवतो. २०२३ च्या जानेवारीत त्या कंपनीनं परवान्याच्या अटी आवळायचा घाट घातला, जगभरच्या खेळणाऱ्यांनी एवढा गिल्ला केला, की त्याच महिन्यात तिनं माघार घेऊन पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मोकळ्या परवान्याखाली दिले. श्रेय नोंदवलं की त्यांचं मराठी भाषांतर करून कुणीही वाटू शकतो. हे काम अजून कुणी हातात घेतलेलं माझ्या पाहण्यात नाही. एखाद्या महाविद्यालयातल्या मराठी विभागाच्या पोरांनी घ्यावं.

फाशांची एक गंमत. संगणकाचा फासा आमच्या पोरांना पटला नाही. “बटण दाबलं की आकडा येतो, म्हणजे आतला माणूस ठरवतो,” असं त्या चिमुरडीचं म्हणणं. आतमध्ये माणूस नसतो हे मी समजावलं, पण तिनं मान्य केलं नाही. मग ज्याचा त्याचा फासा ज्याच्या त्याच्या हातात, असं ठरलं. कोपीत वीस बाजूंचा फासा कुठून आणणार? मुलानं एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या काडेपेटीत भरल्या आणि पेटी हलवून चिठ्ठी काढायला लागला. फोनवरून आम्हाला पेटीचा खुळखुळाट ऐकू यायचा, आकडा तो सांगेल तो. भाचा मला म्हणाला, “मामा, तो खोटं सांगू शकतो.” शकतो ना. पण एकदा, ऐन मोक्याच्या वेळी, स्वाराचा जीव टांगणीला लागलेला असताना त्यानं आकडा सांगितला, दोन. त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही.

ज्यांच्याकडं बरे संगणक आहेत, घरी तारेचं इंटरनेट आहे, त्यांनी अर्थात आमचं ऐकू नये. शहरातल्या मुलांनी रोल ट्वेंटीच्या फुकट खात्यावर सुरुवात करावी, महिनाभर खेळून बघावं आणि गोडी टिकली तरच फाउंड्रीवर पैसे घालावेत. आधी पैसे भरून मग गडी शोधणारे मी पाहिले आहेत. ज्यांची भावंडं अमेरिकेत आहेत त्यांनाही रविवार सोयीचा. हिवाळ्यात आपल्याकडं रात्रीचे साडेआठ म्हणजे न्यूयॉर्कला सकाळचे दहा. ही मंडळी मराठीत गोष्ट रचायला बसली, तर नातवंडांच्या तोंडी मराठी येईल, हे मी आजी-आजोबांना खासगीत सांगतो.

आमचा स्वार एप्रिलमध्ये गावी परत आला आणि जूनमध्ये नववीत येऊन बसला. तो खेळामुळं आला, असं मी म्हणणार नाही. त्याच्या आईनं ठरवलं होतं म्हणून आला. पुढच्या हंगामात त्याला नेकनूरला मावशीकडं ठेवलं. मात्र ती वही त्यानं पहिल्याच दिवशी माझ्या टेबलावर आणून ठेवली. कडेला भाकरीच्या पिठाचे डाग होते आणि शेवटच्या पानावर नकाशा काढलेला होता, बावडीच्या खाली आणखी एक बावडी.

भाच्यानं ती आमच्या पटावर जशीच्या तशी चढवली आहे. तिकडं उतरायचा रस्ता अजून कुणाला सापडलेला नाही.